दाखले, ढळलेली माणसं आणि चर्च : इ.स. २५० ची गोष्ट

दप्तरखाना

नमस्कार मंडळी, बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं, आज बसलोच. सुरुवातीच्या चर्चबद्दल आपल्याकडे बोलणं निघालं की गाडी येशूवरून थेट सम्राट कॉन्स्टंटाइनवर जाते, मधली अडीच-तीनशे वर्षं कुणी उघडतच नाही. वाचून वाचून माझं मत असं झालंय की बिशपचा अधिकार, प्रायश्चित्ताची पद्धत, प्रांतातल्या बिशपांनी एकत्र बसून ठराव करणं, कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवणं, हे जे सगळं पुढे संस्था म्हणून उभं राहिलं त्याला हुतात्म्यांपेक्षाही जास्त कारण झाली ती घाबरलेली, ढळलेली माणसं, म्हणजे सम्राटाच्या हुकुमाला भिऊन, ख्रिस्ती धर्मात मनाई असूनही रोमन देवांना यज्ञ केलेली किंवा तसा दाखला घेतलेली. त्यांचं आता करायचं काय, या एका प्रश्नाने चर्चला नियम करायला लावले.

मी महसूल खात्यात २९ वर्षं काढली, त्यातली बरीच दाखले लिहिण्यात आणि तपासण्यात गेली, म्हणून असेल, मी या गोष्टीत शिरलो तोही एका दाखल्यावरूनच. इजिप्तच्या फयूम भागात सापडलेला पपायरस आहे. अर्जदार ऑरेलियस डायोजिनीस, वडिलांचं नाव सताबूस, राहणार 'अलेक्झांडरचं बेट' नावाचं गाव, वय ७२, ओळखीची खूण उजव्या भुवईवर व्रण. मजकूर साधारण असा, की मी नेहमीच देवांना यज्ञ करत आलो आहे, आत्ताही हुकुमाप्रमाणे तुमच्यासमोर यज्ञ केला, मद्य वाहिलं, नैवेद्य चाखला, तरी तसं प्रमाणित करून मिळावं. तारीख आपल्या हिशेबाने २६ जून २५०. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला हो, कारण शेवटच्या 'तरी मिळावं' पर्यंत सगळा साचा माझ्या टेबलावरचा होता. असे चाळीसच्या वर दाखले सापडलेत, बहुतेक थिआडेल्फिया या एकाच गावचे, आणि त्यांच्यावर खाली वेगळ्या हस्ताक्षरात शेरा आहे, 'आम्ही तुला यज्ञ करताना पाहिलं', म्हणजे अर्ज लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा.

मागचं कारण थोडक्यात सांगतो. २४९ मध्ये डेसियस सम्राट झाला, सरहद्दीवर लढाया चाललेल्या, गादीवर कुणी टिकत नव्हतं, त्याला वाटलं की देव कोपलेत तर सगळ्या साम्राज्याने मिळून यज्ञ करावा. हुकूम फक्त ख्रिस्ती लोकांसाठी नव्हता हे लक्षात घ्या, सगळ्यांसाठी होता. सापडलेल्या दाखल्यांत एक तर अमोनूस नावाच्या बाईचा आहे जी स्वतःच पेटेसूखोस या मगरदेवाची पुजारीण होती, तिलाही कागद घ्यावा लागला. आणि हे जे दिसेल तो ऑरेलियस दिसतो त्याचं कारण २१२ मध्ये काराकाला सम्राटाने जवळपास सगळ्या मोकळ्या प्रजेला रोमन नागरिकत्व दिलं होतं आणि नव्या नागरिकांनी त्याचंच कुळनाव लावलं.

आता उत्तर आफ्रिकेत कार्थेजला काय झालं ते बघा (आजचं ट्युनिशिया). तिथला बिशप सायप्रियन, मूळचा वक्तृत्वाचा शिक्षक, चांगला पैसेवाला, धर्मात येऊन दोन-तीनच वर्षं झालेली आणि तेवढ्यात बिशप झालेला. तो नंतर लिहितो की हुकूम आल्या आल्या लोक आपणहून चौकाकडे धावले, इतकी गर्दी की संध्याकाळ झाली म्हणून अधिकारी म्हणाले उद्या या, तर लोकच विनवत होते की आजच आमचं उरकून घ्या. आईबापांनी तान्ही मुलं सोबत आणली. काहींनी यज्ञ केला, काहींनी नुसता धूप टाकला, आणि काहींनी काहीच न करता पैसे चारून दाखला तेवढा मिळवला. या तिघांना तिकडे वेगवेगळी नावंच पडली.

वर्षभरात हुकुमाचा जोर ओसरला आणि हीच माणसं परत दारात येऊन उभी राहिली की आम्हाला आत घ्या. आता घ्यायचं की नाही, घ्यायचं तर कुणी ठरवायचं? तुरुंगात हाल सोसूनही जे बधले नव्हते त्यांचा मान फार मोठा होता आणि त्यांनी तुरुंगातूनच माफीच्या चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली. पॉलस नावाचा एकजण मरताना लुशियानस या सोबत्याला सांगून गेला की माझ्या मागे जो मागेल त्याला माझ्या नावाने दे, मग काय, लुशियानस लिहीतच सुटला. चिठ्ठीवर नुसतं 'अमक्याला त्याच्या माणसांसह घ्यावे'. सायप्रियन कळवळून लिहितो की 'त्याच्या माणसांसह' म्हणजे किती? वीस, तीस, त्याहून जास्त माणसं येऊन म्हणतील आम्ही नातेवाईक, आम्ही घरचे नोकर. दाखला लिहिणाऱ्या कुठल्याही माणसाला हे दुखणं समजेल, नाव नाही, संख्या नाही, आणि कागद मात्र खरा.

याच्यातून २५१ च्या वसंतात कार्थेजला बिशपांची परिषद भरली आणि ठरलं की सरसकट काही नाही, एकेकाची शहानिशा करायची. ज्यांनी फक्त कागद विकत घेतला होता त्यांना प्रकरण बघून घ्यायचं, ज्यांनी खरंच यज्ञ केला त्यांनी प्रायश्चित्त करत राहायचं आणि मरणाच्या दारात असतील तर घ्यायचं. पुढे नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा प्रायश्चित्तात असलेल्या सगळ्यांनाच घेतलं. ढळलेल्या पुरोहितांना मात्र पुन्हा पद नाही, साधे सभासद म्हणून राहायचं. आणि हे सगळं तपासणार कोण तर बिशप. माझ्या मते बिशप या पदाला खरं वजन आलं ते इथे.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा, कुणी याबद्दल वाचलेलं असेल तर भरच घाला.

तळेगावी

वाचनखूण साठवली. फार सुंदर लिहिलंय, दाखल्याचा मजकूर दोनदा वाचला. एक बाळबोध प्रश्न, मी तर असं ऐकत आलोय की चर्च ही संस्था निकियाच्या परिषदेत बनली आणि बायबलात कुठली पुस्तकं ठेवायची तेही कॉन्स्टंटाइनने तिथेच ठरवलं. मग २५० मध्ये एवढं सगळं आधीच होतं?

दप्तरखाना

होतं हो. बिशप, वडील (म्हणजेच पुरोहित) आणि डीकन म्हणजे सेवक अशी उतरंड दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या, अँटिओकचा बिशप इग्नेशियस याच्या पत्रांतच दिसते. आणि २५१ च्या रोमचा तर आकडेवार हिशेब आहे, तिथला बिशप कॉर्नेलियस याने अँटिओकच्या बिशपला लिहिलेलं पत्र युसेबियस या चर्चच्या जुन्या इतिहासकाराने आपल्या इतिहासात उतरवून ठेवलंय. ४६ वडील, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ मदतनीस, ५२ जण भुतं काढणारे, वाचक आणि दारवान मिळून, आणि १५०० च्या वर विधवा आणि अडलेली माणसं जी सगळी मंडळीच्या खर्चाने जेवत होती. हे कॉन्स्टंटाइनच्या साठ वर्षं आधीचं आहे, बेकायदेशीर धर्माचं.

निकियाची ती बिशपांची परिषद ३२५ ची. तिथे मुख्य भांडण एरियस नावाच्या पुरोहिताच्या मताचं, की पुत्र हा पित्याच्या तोडीचा की त्याने निर्माण केलेला, आणि शिवाय ईस्टरची तारीख आणि २० नियम. पुस्तकांची यादी तिथे झालीच नाही. आज नव्या करारात जी २७ पुस्तकं आहेत नेमकी तीच यादी आपल्याला भेटते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ च्या पत्रात.

स्पष्टवक्ता२

लेख चांगला आहे पण मला सायप्रियन पटत नाही आणि ते मी स्पष्टच लिहितो. सगळं संकट चालू होतं तेव्हा हा माणूस कुठे होता? लपून बसला होता. ज्यांनी तुरुंगात अंगावर चटके घेतले त्यांनी माफी दिली तर ती चालत नाही आणि हा लपलेल्या जागेवरून पत्रं पाठवून सांगणार की अधिकार माझा. 'चर्च ज्याची आई नाही देव त्याचा बाप असू शकत नाही' हे वाक्य याचंच ना? पुढच्या हजार वर्षांत या एका वाक्याच्या आधारावर किती माणसांना बाहेर काढलं गेलं याचा विचार करा. संस्था अशीच बनते, संकट आलं की सामान्य माणसाच्या हातातलं काढून घ्यायचं आणि वर नियम करायचे.

दप्तरखाना

स्पष्टवक्ता, तुमचा राग मला चुकीचा वाटत नाही, आणि त्या काळीही लोक अगदी हेच बोलले. कार्थेजमधल्याच पाच वडिलांचा त्याला पहिल्यापासून विरोध होता. रोमचा बिशप फेबियन जानेवारी २५० मध्ये मारला गेला, त्यानंतर तिथल्या पुरोहितांनी कार्थेजला पत्र लिहिलं, त्यात लांडगा आला की पगारी मेंढपाळ पळतो अशी सरळ टोचणी होती. सायप्रियनने काय केलं, तर ते पत्रच रोमला परत पाठवलं की यावर लिहिणाऱ्याचं नाव नाही, अक्षर, मजकूर आणि कागदसुद्धा मला खटकतोय, हे खरंच तुमचं आहे का ते बघून कळवा. त्याला ते किती लागलं होतं हे मला त्या एका वाक्यात दिसतं.

पण तुरुंगातल्यांकडे अधिकार राहिला असता तर सामान्य माणसाचं भलं झालं असतं का याबद्दल मला शंका आहे. चिठ्ठी कुणाला मिळाली? ज्याची तुरुंगात ओळख होती त्याला. ज्याचं तिथे कुणी नव्हतं तो बाहेरच राहिला असता. आणि सायप्रियनने पुढे अँटोनियानस नावाच्या बिशपला जे पत्र लिहिलंय ते वाचलं की तो माणूस नुसता अधिकारासाठी भांडत नव्हता हे कळतं. तो लिहितो, आपणहून उड्या मारत जाणारा आणि खूप वेळ झगडून शेवटी मोडलेला हे एक कसे? एकाने घरच्या सगळ्यांना पुढे ढकललं, आणि एकाने बायकोमुलं आणि आपल्या जमिनीवरची कुळं वाचावीत म्हणून सगळ्यांच्या वतीने एकटा जाऊन यज्ञ केला, या दोघांना एकच शिक्षा लावणार का? कुळं वाचवायला स्वतःचा आत्मा पणाला लावणारा तो जमीनदार, त्याचं नावही त्या पत्रात नाही, पण मी त्याला विसरू शकत नाही.

स्पष्टवक्ता२

कुळांचं मला माहीत नव्हतं. ते पत्र वाचीन. आई-बापाच्या वाक्याबद्दल माझं मत तेच आहे.

निर्मळकर

मी वसईचा, आमचं घर पिढ्यानपिढ्या कॅथलिक, आणि खरं सांगू का, लहानपणापासून प्रायश्चित्तकाळात पापनिवेदनाच्या रांगेत उभा राहिलोय पण ही रांग कुठून सुरू झाली हे आत्ता वाचतोय. गोव्याकडे कुमसार म्हणतात. आपण जे आज करतो, फादरच्या कानात हळूच सांगायचं, कितीही वेळा जायचं, ते फार नंतरचं, आयर्लंडच्या मठवासीयांकडून सहाव्या-सातव्या शतकात पसरलेलं. सायप्रियनच्या काळात प्रायश्चित्त चारचौघांत, सगळ्यांना दिसेल असं, आणि आयुष्यात एकदाच. दुसऱ्या शतकातल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या पुस्तकात स्पष्टच म्हटलंय की बाप्तिस्म्यानंतर एक संधी, त्यापुढे नाही. म्हणून तर लोक बाप्तिस्माच पुढे ढकलत राहायचे, कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मरणाच्या उंबरठ्यावर घेतला.

यात मला एक भर घालायची आहे. याच छळातली अलेक्झांड्रियाची गोष्ट, तिथला बिशप डायोनिशियस याने एका पत्रात लिहिलेली. सेरापियन नावाचा म्हातारा, जन्मभर चांगला राहिला आणि त्या एका प्रसंगी ढळला, यज्ञ केला. मग किती विनवण्या केल्या तरी कुणी लक्ष दिलं नाही. आजारी पडला, तीन दिवस वाचा गेली, चौथ्या दिवशी जरा शुद्धीवर आला तर मुलीच्या मुलाला जवळ बोलावून म्हणाला की जा, पुरोहिताला आण. रात्रीची वेळ, पोर धावत गेलं, तर पुरोहित स्वतःच आजारी, उठता येईना. पण बिशपने सांगून ठेवलेलं की मरणाऱ्याने मागितलं तर नाही म्हणू नका, म्हणून त्याने पवित्र भाकरीचा छोटा तुकडा त्या पोराच्याच हातात दिला, सांगितलं की पाण्यात भिजव आणि आजोबांच्या तोंडात घाल. पोर परत आलं, आत पाऊल टाकायच्या आधीच म्हातारा म्हणाला, आलास का बाळा, त्यांना यायला जमलं नाही ना, तुला सांगितलंय ते लवकर कर आणि मला जाऊ दे.

माझी आजी गेली तेव्हा फादर घरी आले होते तुकडा घेऊन. मी तेव्हा दारात उभा होतो. हे वाचल्यापासून तेच डोळ्यांसमोर आहे.

तळेगावी

निर्मळकर, काय लिहिलंत. धन्यवाद.

मग ज्यांना ही माफी मान्यच नव्हती असं कुणी नव्हतं का?

शर्वरी_

होते ना! रोमला नोव्हेशियन म्हणून मोठा विद्वान होता, फेबियन गेल्यावर बिशपपद चौदा महिने रिकामं होतं तेव्हा रोमच्या पुरोहितांची पत्रं हाच लिहायचा, पण मार्च २५१ मध्ये निवडून आला कॉर्नेलियस आणि तो ढळलेल्यांना घ्यायच्या बाजूचा होता. मग नोव्हेशियनने वेगळी चूल मांडली, आमचं चर्च शुद्ध, यज्ञ केलेल्याला कधीच आत घेणार नाही. हे लोक शतकानुशतकं टिकले, निकियाच्या आठव्या नियमात त्यांचं काय करायचं ते आहे. आणि उत्तर आफ्रिकेत तर साठ वर्षांनी हेच भांडण पुन्हा पेटलं डोनेटिस्टांच्या नावाने, छळात पवित्र पुस्तकं सरकारला देऊन टाकणाऱ्याच्या हातून बिशपची दीक्षा झाली तर ती खरी का खोटी, त्यावर शंभर वर्षं! ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या तेव्हा दोन्हीकडचे मिळून साडेपाचशेहून जास्त बिशप होते.

पण दप्तरखाना काका, तुम्ही दाखल्याचं लिहिलंत म्हणून मला तुम्हाला दुसरा एक कागद द्यायचाय, मला माहितीये तुम्हाला आवडेल. १९ मे ३०३, सिर्टा शहर, म्हणजे आत्ताच्या अल्जीरियातलं कॉन्स्टंटिन. सम्राट डायोक्लिशनच्या हुकुमाने अधिकारी ख्रिस्ती लोक जमायचे त्या घरावर जप्तीला आले आणि कारकुनाने जागेवर यादी केली. तीच यादी ३२० मध्ये एका खटल्यात पुरावा म्हणून कोर्टात वाचली गेली म्हणून आपल्यापर्यंत पोचली. सोन्याचे पेले २, चांदीचे पेले ६, दिवे, समया असं सगळं, आणि मग बायकांचे अंगरखे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषांचे जोडे १३, बायकांचे जोडे ४७!

म्हणजे विचार करा, देवळाच्या जप्तीत बायकांचे ४७ जोडे निघतात. कॉर्नेलियसच्या त्या १५०० विधवा आणि अडलेली माणसं आठवा.

दप्तरखाना

शर्वरी, तुम्ही मला आज काय दिलंत ते तुम्हाला माहीत नाही. रात्री दीड वाजेपर्यंत हाच कागद शोधून वाचत होतो. हा शुद्ध पंचनामा आहे हो. मी आयुष्यात किती जप्तीच्या याद्या पाहिल्या असतील, घरात शिरलं की आधी धातू, मग कापड, मग बाकीचं, तोच क्रम. आणि पुढचा भाग तर आणखी जिवंत आहे. पुस्तकांच्या खोलीत कपाटं रिकामी निघतात, एक उपडीकन एकच मोठं पुस्तक आणून देतो. अधिकारी विचारतो बाकीची कुठायत, उत्तर मिळतं वाचकांकडे. वाचक कोण ते सांगा, तर दोघे उपडीकन म्हणतात आम्ही फितुरी करणार नाही, हवं तर आम्हाला मारा. त्यांना अटक होते आणि वरात घरोघर निघते. एकाकडे चार पुस्तकं, फेलिक्स नावाच्या शिंप्याकडे पाच, एकाकडे आठ, एका मास्तराकडे दोन पुस्तकं आणि चार सुट्या वह्या. कोड्डिओ नावाच्या माणसाच्या घरी तो स्वतः नाहीच, त्याची बायको सहा पुस्तकं काढून देते, आणखी नाहीत म्हणते, सरकारी नोकर आत जाऊन झडती घेतो आणि बाहेर येऊन सांगतो काही सापडलं नाही.

म्हणजे ३०३ साली त्या गावात धर्मग्रंथ असे होते, शिंप्याच्या घरी पाच, मास्तराच्या घरी दोन. चर्चचं दप्तर घराघरांत वाटून ठेवलेलं. आणि ज्याने ज्याने काढून दिलं तो प्रत्येकजण पुढे 'देऊन टाकणारा' ठरला.

स्पष्टवक्ता२

ते पत्र वाचलं. कुळांचा उल्लेख आहे. त्याच पत्रात नोव्हेशियनच्या लोकांबद्दल जे लिहिलंय ते फार कडक आहे, ते तुम्ही लिहिलं नव्हतंत. पण जमीनदाराबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. सायप्रियनचं शेवटी काय झालं?

दप्तरखाना

कडक आहे, मान्य. ते मी गाळायला नको होतं.

सायप्रियन दुसऱ्यांदा लपला नाही. २५७ मध्ये व्हॅलेरियन सम्राटाने छळ सुरू केला तेव्हा आधी त्याला कुरुबिस गावी हद्दपार केलं, मग परत आणून १४ सप्टेंबर २५८ ला मान उडवली. सुनावणीची नोंद आहे, प्रोकॉन्सल म्हणजे प्रांताचा रोमन सुभेदार स्वतः आजारी होता, दोन-चार वाक्यांत काम उरकलं. जल्लाद आला तेव्हा सायप्रियनने आपल्या माणसांना सांगितलं की याला २५ सोन्याची नाणी द्या. लोकांनी त्याच्यासमोर जमिनीवर कापडं आणि रुमाल अंथरले.

निर्मळकर

रुमालांचं माहीत होतं, नाण्यांचं नव्हतं. दप्तरखाना, ढळलेल्यांपैकी कुणाचं नाव तरी शिल्लक आहे का? सेरापियन सोडून? सगळी नावं हुतात्म्यांचीच असतात.

दप्तरखाना

आहेत. दोन बायका, रोमच्या. सेलेरिनस नावाचा एकजण स्वतः तुरुंग भोगून सुटलेला, त्याने कार्थेजच्या त्या लुशियानसला पत्र लिहिलं, ते सायप्रियनच्या पत्रांच्या गठ्ठ्यात राहिलं म्हणून आपल्या हाती लागलं. ईस्टरचा आनंदाचा काळ असून मी रात्रंदिवस रडतोय, राख फासून बसलोय, कारण माझ्या बहिणी ढळल्या, त्यांच्यासाठी एक चिठ्ठी दे, असं ते पत्र आहे. नावं न्यूमेरिया आणि कँडिडा. दोघींमधली एक यज्ञासाठी टेकडी चढायला लागली, 'तीन नियती' म्हणून मूर्ती होत्या तिथपर्यंत गेली, आणि तिथून खाली आली. यज्ञ करावा लागू नये म्हणून तिने पैसे दिले होते.

त्यांचं प्रकरण रोमच्या वडिलांपुढे आलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की बिशप नेमला जाईपर्यंत आहात तशाच राहा. खुर्ची रिकामी, प्रकरण प्रलंबित. त्याच सुमारास कार्थेजहून हद्दपार केलेली माणसं रोमच्या बंदरावर उतरत होती, तर या दोघी बंदरावर गेल्या, त्यांना शहरात घेऊन आल्या, आणि सेलेरिनसने पत्र लिहिलं तोपर्यंत ६५ जणांचं सगळं त्या बघत होत्या.